एकच भाव

बँकेत ३१ वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजले. निवृत्त झाल्यावर वर्षभर काहीच मोजलं नाही. मग २०१६च्या दिवाळीआधी माझी भाची, जी जव्हारजवळ एका संस्थेत काम करते, दोन खोकी घेऊन दारात उभी राहिली. "मावशी, तुझ्या सोसायटीत एवढं खपवशील?" खोक्यांत वारली चित्रं काढलेले लाकडी ट्रे होते, बांबूच्या टोपल्या होत्या, नागलीची बिस्किटं आणि वाडा कोलमच्या किलोकिलोच्या पिशव्या. अट अशी, की करणाऱ्याला रास्त दाम मिळाला पाहिजे आणि मला काहीही मिळणार नाही. "याला फेअर ट्रेड म्हणतात," ती म्हणाली. आमच्या बँकेत याला ओव्हरटाइम बुडवणं म्हणत.

तेव्हापासून कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, वॉचमनच्या केबिनशेजारी, मी घडीचं टेबल मांडून बसते. महिन्यातला एक रविवार, शिवाय राखी, गणपती, दिवाळी. त्यात जे काही कळलं ते क्रमांक घालून लिहितेय, कारण व्हाउचरवर नंबर नसला की मला अजूनही झोप लागत नाही.

१. टेबलामागे बसलं की माणूस दिसेनासा होतो. वीस वर्षं जिन्यात थांबून माझ्या गुडघ्यांची चौकशी करणाऱ्या शेजारणी टेबल दिसताच फोन कानाला लावायच्या. एक गृहस्थ तर गेटपासून लिफ्टपर्यंत आकाशाकडे बघत गेले. आकाशात त्या वेळी कावळासुद्धा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र थांबून, आवाज खाली आणून, अगदी मायेने विचारलं, "पेन्शन पुरत नाही का गं?" मी दुखावले. इतकी, की घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. त्याच संध्याकाळी लक्ष्मी रोडवर रुमाल विकणाऱ्या एका पोराच्या अंगावरून जाताना मी पर्समध्ये मन लावून काहीतरी शोधत होते. पर्समध्ये शोधण्यासारखं काहीही नव्हतं.

२. दयेची खरेदी एकदाच होते. पहिल्या दिवाळीला मी प्रत्येकाला तेच ऐकवलं: आदिवासी बायका, दुर्गम पाडे, डोंगरातून डोक्यावर आणलेलं पाणी. माल दीड दिवसात संपला आणि माझी छाती फुगली. पुढच्या दिवाळीला तीच माणसं म्हणाली, "अहो, मागच्या वर्षी घेतलं की." घेतलेला ट्रे माळ्यावर होता. माझ्यावर, किंवा पाड्यावर, उपकार करून झाले होते. उपकाराला रिपीट ऑर्डर नसते.

त्या दुसऱ्या दिवाळीला चित्रं काढणाऱ्या गटातली एक जण एसटीने नाशिकमार्गे पुण्याला आली होती, माझ्याशेजारी खुर्चीवर बसली होती. मी गिऱ्हाइकाला तिची कुडाची झोपडी वर्णन करून सांगत होते. गिऱ्हाईक हळहळलं, ट्रे घेऊन गेलं. मग ही हळूच म्हणाली, "काकू, माझं घर विटांचं आहे. घरकुलातून झालं, चार वर्षं झाली. तेवढं नीट सांगा." रागाने नाही, चुकीचा पत्ता दुरुस्त करावा तसं. त्यानंतर मी घरांबद्दल बोलणं सोडलं आणि ट्रेबद्दल बोलायला लागले. ट्रेबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, असं तेव्हा लक्षात आलं.

३. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, त्यावर घासाघिशीचं नाव बदलतं. मंडईत मी करते तो चौकसपणा. टेबलासमोर गिऱ्हाईक करतं तो कंजूषपणा. महात्मा फुले मंडईत माझा लौकिक आहे. गवारीचा भाव सांगण्याआधी काही जणी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकतात. आणि इथे कुणी साडेचारशेचा ट्रे चारशेला मागितला की माझ्या कानशिलाची शीर उडायची. शेवटी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात "एकच भाव" लिहून पाटी उभी केली. वॉचमन म्हणाला, "काकू, चपलांच्या दुकानात असते तशी झाली."

मग एक प्रयोग केला. मराठवाड्यातल्या एका बचत गटाच्या गोधड्या आणि बाळांची दुपटी आम्ही ठेवायला लागलो होतो. नातीसाठी एक दुपटं आपणच शिवून बघू म्हटलं. जुन्या सुती साडीच्या घड्या, वर साधा धावदोरा, त्यात काय मोठंसं. तास मोजायचे ठरवले, कारण मोजणं हाच माझा एक गुण. ४१ तास लागले. टाके वाळूत खेकडा चालावा तसे आले, आणि अंगठ्याशेजारचं बोट आठवडाभर ठणकत होतं. गटातल्या बायका माझ्या तिप्पट वेगाने शिवतात असं धरू. म्हणजे चौदा तास. दुपट्याची किंमत ६०० रुपये, त्यातले शिवणारीला ३८०. तासाला सत्तावीस रुपये. याला आम्ही छातीठोकपणे रास्त म्हणतो. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंना तासाच्या हिशेबात यापेक्षा बरेच जास्त पडतात, आणि दर दिवाळीला त्या पगारवाढ मागतात तेव्हा मी कुठल्या चेहऱ्याने त्यांच्याकडे बघते, ते इथे लिहीत नाही.

हिशेब भाचीला दाखवला. तिला तो आधीच ठाऊक होता. दुपटं हजाराला ठेवलं तर खपत नाही, सहाशेला ठेवलं तर पुरत नाही, आणि या दोन आकड्यांच्या मध्ये तिची सगळी नोकरी बसलेली आहे. आम्ही किंमत साडेसातशे केली, वाढलेले दीडशे पूर्ण शिवणारीला. खप थोडा घसरला. हळूहळू सावरलाही, पण पूर्वीइतका नाही.

मंडईत मी सुधारले का? पहिले सहा महिने सुधारले. मग एक दिवस भाजी घेऊन झाल्यावर माझ्याच तोंडून निघून गेलं, "त्यावर थोडी कोथिंबीर टाका."

४. पैसे किती मिळाले यापेक्षा कधी मिळाले हे मोठं असतं. बँकेत उभा जन्म काढलेल्या बाईला हे दुसऱ्याने शिकवावं लागलं.

जागतिक फेअर ट्रेड संघटनेची दहा तत्त्वं आहेत. बालमजुरी नको, स्त्रीपुरुषांना समान मोबदला, पर्यावरणाची काळजी वगैरे वाचताना मान आपोआप डोलते. त्यातच एक कोरडा नियम आहे: हस्तकलेच्या वस्तू मागवणाऱ्याने, करणाऱ्यांनी मागितली तर, निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. मला हा कारकुनी तपशील वाटला होता. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला तो तपशील राहत नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत येतं, हाताला काम नसतं, आणि नेमक्या त्या वेळी वीटभट्टीचा मुकादम उचल देतो. दिवाळी झाली की उचल घेतलेलं कुटुंब पोराबाळांसकट भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातं आणि पाऊस तोंडावर आला की परततं. पोरांची शाळा तेवढ्यात सुटून जाते. उचल हीसुद्धा आगाऊ रक्कमच. म्हणजे पावसाळ्यात कोणाचे पैसे आधी पोचतात, अशी ती शर्यत आहे.

आणि मी काय केलं होतं? पहिल्या वर्षीच्या विक्रीतले ६,४०० रुपये महिनाभर माझ्या कपाटात ठेवले होते. बुडवायचे म्हणून नव्हे. तीन टोपल्या विकायच्या राहिल्या होत्या, त्या गेल्या की सगळा हिशेब एकदम, पैशासकट पूर्ण जुळवून द्यावा, म्हणून. लिफाफ्यावर तारीख, नग, एकूण, सगळं सुबक अक्षरात. भाचीचा फोन आला, "मावशी, तेवढे पाठवून देतेस का? तिकडे जरा अडलंय." काय अडलंय ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्या लिफाफ्याचा मला अजून राग येतो. आता विक्री झाली की त्याच रात्री पैसे जातात. हिशेब मागून जुळतो, आणि कधीकधी अकरा रुपयांनी जुळतही नाही.

५. नोटबंदीने मला उधारी शिकवली. ८ नोव्हेंबर २०१६ला घोषणा झाली आणि १३ तारखेच्या रविवारी माझं टेबल. लोकांना माल हवा होता, खिशात चालणारी नोट नव्हती. मी वही काढली. आता कोपऱ्यात क्यूआर कोड उभा असतो आणि भाजीवाल्यासारखा माझाही फोन "रुपये प्राप्त झाले" ओरडतो. पण त्या वहीतल्या दोन नोंदी अजून उघड्या आहेत. नावं सांगत नाही. लिफ्टमध्ये भेट झाली की आम्ही हवेबद्दल बोलतो.

६. "पारंपरिक" या शब्दाचा हट्ट गिऱ्हाइकापेक्षा मलाच जास्त होता. वारलीबद्दल मी वाचायला लागले तशी माझी जीभ सुटली. जिव्या सोमा म्हसे हे डहाणूजवळच्या गंजाडचे, २०११ साली पद्मश्री. तांदळाच्या पिठाचा पांढरा, गेरूने सारवलेली भिंत. लग्नात सवाशिणी चौक लिहितात, धवलेरी गाणी म्हणते, चौकात पालघट देवी. हे सगळं मी गिऱ्हाइकांना उभ्याउभ्या ऐकवायचे. काही जण केवळ सुटका म्हणून कोस्टर विकत घेत. आणि मग गणपतीच्या आधी गटाकडून ट्रे आले, त्यावर तारपा नाचाच्या गोलात मधोमध गणपती. उंदरासकट. पुण्याच्या गिऱ्हाइकांनी मागणी केली होती, त्यांनी काढला.

मला ते फार लागलं. कलेचं शुद्धपण, बाजाराचं आक्रमण, असं बरंच काही मी भाचीला फोनवर बोलले. तिने फोन चित्र काढणारीच्या हातात दिला. विटांचं घर असलेलीच ती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, लग्नाचा चौक विकायचा नसतो. हे विकायचं आहे." एवढंच. मग मागे कोंबड्या ओरडत होत्या त्यांना हाकलायला गेली. मी जिला भेसळ म्हणत होते, ती तिने आखलेली रेघ होती: ही वस्तू अलीकडची, ती पलीकडची. माझ्याकडे अशी रेघ नव्हती, म्हणून मी सगळ्यालाच पवित्र म्हणत सुटले होते.

गणपतीचे ट्रे आधी संपले, हे सांगायला हवंच का?

७. "हाताने केलेलं आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच" हे वाक्य मी चार वर्षं वापरलं. एका वहिनींच्या शोकेसमध्ये बांबूच्या टोपलीखाली रोज पिवळसर भुकटी पडायला लागली. टोके लागले होते. मी हेच वाक्य फेकलं, वर एक बिस्किटांचा पुडा भेट दिला. गटाला कळवलंसुद्धा नाही. बिचाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून. सहा महिन्यांनी बोलण्याच्या ओघात निघालं तेव्हा तिकडचा बांबूकाम करणारा माणूस चिडला. टोपली परत का नाही पाठवली? कोणत्या वेळी तोडलेला बांबू होता, नीट मुरवला-वाळवला होता का, हे बघितल्याशिवाय कळणार कसं? तोपर्यंत त्याच बांबूच्या आणखी टोपल्या बाजारात गेल्या होत्या. "बिचारे" म्हणून मी त्यांच्याकडून कारागिराचा हक्कच काढून घेतला होता: स्वतःची चूक ऐकण्याचा.

८. आपण पहिले नसतो. सुरुवातीला मला वाटायचं, टेबलावर रास्त भावाचा माल मांडणारी मीच काय ती. भाचीने सांगितलं, एड्ना रूथ बायलर नावाच्या अमेरिकन बाईने १९४६ साली पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम आपल्या गाडीतून ओळखीपाळखीत नेऊन विकायला सुरुवात केली. पुढे त्यातून टेन थाउजंड व्हिलेजेस ही मोठी संस्था उभी राहिली. १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या शेतकऱ्यांची कॉफी मॅक्स हावेलार या शिक्क्याने विकायला आली. फेअर ट्रेडचा तो पहिला शिक्का, आणि नाव कुठलं, तर जावाच्या लोकांची कॉफीपायी झालेली लूट सांगणाऱ्या १८६० सालच्या कादंबरीच्या नायकाचं.

मी हे सगळं सोसायटीतल्या एका ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "माझे वडील खांद्यावर खादीचे गठ्ठे घेऊन दारोदार फिरायचे." आणि मग त्यांनी मला चरखा संघाची गोष्ट सांगितली. १९३५ साली संघाने ठरवलं, की सूत कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. गांधीजी तेव्हा वर्ध्यात मगनवाडीत होते. आठ तासांना आठ आणे असं त्यांचं म्हणणं. भांडाराचे कार्यकर्ते घाबरले: खादी आधीच महाग, अजून महाग झाली तर घेणार कोण? शेवटी आठ आण्यांच्या बरंच खाली तडजोड झाली. ऐकताना मला माझं दुपटं आठवत होतं. सहाशे की हजार, हा वाद आमच्या टेबलावर पोचायच्या आधी ऐंशी वर्षं फिरत होता.

९. सगळ्यात अवघड प्रश्न नवऱ्याने विचारला, तोही चहा गाळताना: "तुझा तासाचा दर किती?" मी हसले. मग हसू थांबलं. मी फुकट बसते. टेबल माझं, जागा सोसायटीची, वॉचमनच्या केबिनमधल्या पंख्याची वीज कोणाची कोण जाणे. हे सगळं फुकट आहे म्हणूनच साडेचारशेच्या ट्रेमधले २६० करणारीला जाऊ शकतात. उद्या मी खुर्चीतून उठले आणि तिथे पगारी मुलगी बसवली, जागेचं भाडं लावलं, तर तेच रास्त गणित मोडून पडेल. म्हणजे एका बाईच्या श्रमाला दाम मिळावा म्हणून दुसऱ्या बाईचे श्रम शून्य धरलेले. दुसरीला पेन्शन आहे, म्हणून चालतं. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, तू हे कोणाला सांगू नकोस." तेच मी आता करतेय.

१०. यंदाच्या राखीची गोष्ट. मेळघाटातल्या लवाद्याच्या बांबूच्या राख्या मागवल्या होत्या, जव्हारचे ट्रे होते, आणि ती, विटांच्या घरवाली, मुलीला कॉलेजात पोचवायला पुण्यात आलेली असल्याने सकाळीच टेबलावर येऊन बसली. पहिल्याच गिऱ्हाइकाने ट्रे उचलला आणि विचारलं, "चारशे तीसला होईल का?" मी पाटीकडे बोट नेणार एवढ्यात ही म्हणाली, "घ्या ताई, भवानी आहे." नोटा कपाळाला लावून तिने डब्यात ठेवल्या. मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी ज्या वीस रुपयांसाठी शेजारणींशी वाईटपणा घेतला, ते तिने हसत सोडून दिले होते. "पाटीवर एकच भाव लिहिलंय गं," मी म्हटलं. "ते तुमचं," ती म्हणाली, "ट्रे माझा आहे."

अकराच्या सुमाराला गेटबाहेर बांगडीवाला आला. तिने मुलीसाठी एक डझन हिरव्या काढल्या, त्याचा भाव ऐकला, कपाळाला आठी घातली, बांगड्या ठेवून दिल्या, दोन पावलं चालली, परत वळली. सगळं अगदी शास्त्रशुद्ध. पण तो बधेना. मग ती माझ्या कानाशी लागली, "काकू, तुम्ही बोला ना जरा. तुमचं ऐकतात, मुलगी म्हणते."

मी पाटी पालथी घातली आणि गेटबाहेर गेले.